वहीचा मेळ आणि वहीतलं सत्य

येलदरीला पूर्णेवर धरण आहे, वीजघर आहे. पण वीज जायची तेव्हा जातेच. त्या क्षणी संगणक डिस्कवर लिहीत असेल तर काय होतं? एक फाईल ठेवायची म्हणजे तीन-चार ठिकाणी नोंद करावी लागते: नाव, जागेचा हिशेब, मजकूर. मध्येच वीज गेली की वहीचा मेळ बसत नाही.

जुन्या युनिक्सचा उपाय साधा होता. पुन्हा सुरू करताना सगळी डिस्क तपासायची. डिस्का मोठ्या झाल्या, तशी ही तपासणी तासन्‌तास चालू लागली.

दुसरा उपाय आपल्याला ओळखीचा वाटेल. पेशवे दप्तरात रोजकीर्दी आहेत. आधी रोजकीर्द, मग खतावणी. खतावणी अर्धी राहिली तरी रोजकीर्दीवरून पुरी करता येते. १९९० मध्ये आयबीएमने एआयएक्समध्ये आणि २००१ मध्ये लिनक्सने ईएक्सटी३ मध्ये हेच तत्त्व आणलं. त्याला जर्नल म्हणतात.

तिसरा मार्ग १९९४ मध्ये गँगर आणि पॅट यांनी मांडला. वेगळी रोजकीर्द नको, फक्त लिहिण्याचा क्रम पाळा: वस्तू तयार होण्याआधी तिचा पत्ता लिहू नका. चौथा मार्ग सनच्या झेडएफएसचा, २००५ मधला. जुनं पान खोडायचंच नाही. नवं दुसरीकडे लिहायचं आणि शेवटी मुख्य पत्ता बदलायचा.

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला प्रश्न पडतो, की मेळ बसला म्हणजे नोंद खरी झाली का? ईएक्सटी३ चं जर्नल नेहमीच्या रीतीत फक्त रचनेची नोंद ठेवतं, मजकुराची नाही. २००९ मध्ये ईएक्सटी४ वापरणाऱ्या काहींना यंत्र बंद पडल्यावर फायली सापडल्या, पण रिकाम्या! नाव डिस्कवर पोचलं होतं, मजकूर अजून मेमरीतच होता. व्यवस्थेच्या दृष्टीने चूक काहीच नव्हती. शून्य लांबीची फाईलही नियमात बसते. ‘मजकूर डिस्कवर पोचव’ असं प्रोग्रामने स्पष्ट सांगायला हवं होतं, असं टेड त्सो यांचं म्हणणं. तरी त्यांनी फाईलव्यवस्थेतही दुरुस्ती केली. मला दोन्ही गोष्टी योग्य वाटतात.

सुसंगती ही सत्याची अट आहे, पण तेवढ्याने सत्याची हमी मिळत नाही. सातबारा असो की पीककर्जाची नोंद, ‘सिस्टीम ठीक आहे’ असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न विचारा: माझी नोंद आहे का?