थंडीत केळ्याची साल काळपट का पडते? अशी केळी घ्यावीत का? खान्देशी हिवाळी फ्रूट सॅलडची सोपी पद्धत

हिवाळ्यात जळगाव-धुळ्याचं नाव निघालं की आधी आठवते ती भरीत पार्टी. पण त्याच दिवसांत इथल्या हातगाड्यांवर पेरू, बोरं, पपई, आवळे आणि डाळिंबही येतात. केळी तर जळगावात बाराही महिने असतात. फक्त डिसेंबर-जानेवारीत त्यांचा रंग बदलतो. एरवी पिवळीधमक दिसणारी साल राखाडी, मळकट दिसू लागते. गिऱ्हाईक फणी उचलून बघतं आणि परत ठेवतं.

ही केळी खराब असतात का? ती वापरून घरच्या घरी चांगलं फ्रूट सॅलड कसं करायचं? समजून घेऊ.

थोडक्यात उत्तर

- थंडीमुळे साल काळपट पडली, तरी आतला गर बहुतेक वेळा चांगला असतो.
- गर पांढरट-पिवळसर आणि मऊ असेल, तर केळं खायला हरकत नाही.
- सॅलडमध्ये केळं सगळ्यात शेवटी कापायचं आणि लगेच लिंबाचा रस लावायचा.
- मीठ, साखर किंवा चाट मसाला वाढायच्या वेळीच घालायचा.

साल काळपट का पडते?

केळी हे उष्ण प्रदेशातलं पीक आहे. तापमान साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्याच्या सालीतल्या पेशींना इजा होऊ लागते. सालीच्या आतल्या बारीक शिरा तपकिरी होतात आणि पिकल्यावरही फळाला चमकदार पिवळा रंग येत नाही. इंग्रजीत याला 'चिलिंग इंज्युरी' म्हणतात. जळगावच्या केळी पट्ट्यात 'चरका' हा शब्द चालतो.

उन्हाळ्यात तापणाऱ्या खान्देशात हिवाळाही कडक असतो. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत थंडीच्या लाटेत रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली जातो. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतल्या केळीबागांना त्याचा थेट फटका बसतो. झाडाची वाढ मंदावते, घड उशिरा पोसतात आणि सालीवर डाग येतात. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत केळीसाठी 'कमी तापमान' हा वेगळा धोका धरला जातो, तो याच कारणाने.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय टॅग मिळाला. २०२१ मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची केळी या मानांकनासह दुबईला गेली. पण मानांकन असलं, तरी बाजारात केळ्याची पहिली पारख सालीवरूनच होते. साल डागाळलेली असेल तर शेतकऱ्याला भाव कमी मिळतो, मग आतला गर कितीही गोड असो.

कोणतं केळं घ्यायचं, कोणतं नाही?

सगळीच काळपट केळी चांगली असतात असं नाही. थंडीचा फटका जोरात बसला असेल, तर केळं नीट पिकतच नाही. साल मऊ पडते, पण मधला भाग टणक आणि बेचव राहतो. म्हणून ही साधी तपासणी करा.

- दाबून बघा: केळं सगळीकडे सारखं मऊ लागलं पाहिजे. मध्येच टणक गाठ लागली तर ते ठेवून द्या.
- साल बघा: राखाडी छटा किंवा बारीक तपकिरी रेषा चालतात. चिरलेली, ओलसर किंवा बुरशी आलेली साल चालत नाही.
- सोलून बघा: गर पांढरट-पिवळसर असावा. तपकिरी, पाणचट झालेला किंवा आंबूस वास येणारा गर टाकून द्या.

कच्ची केळी फ्रिजमध्ये ठेवू नका. घरातल्या फ्रिजचं तापमान साधारण ४ अंश असतं. शेतात थंडीने होतं तेच तिथेही होतं. साल काळी पडते आणि केळं पिकायचं थांबतं. पूर्ण पिकलेली केळी मात्र दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये राहू शकतात. साल काळी होईल, गर टिकेल.

सॅलडसाठी हिवाळ्यातली कोणती फळं?

- पेरू: क जीवनसत्त्वासाठी संत्र्यापेक्षा सरस. १०० ग्रॅम संत्र्यात हे जीवनसत्त्व साधारण ५० मिलिग्रॅम असतं, तर पेरूत त्याच्या सुमारे चौपट.
- पपई: धुळ्यातला शिरपूर आणि नंदुरबारमधला शहादा हा पपईचा पट्टा. इथली पपई हिवाळ्यात उत्तर भारतातही जाते.
- बोरं: जळगाव शहरातल्या मेहरूणच्या नावाने बोराची एक जातच ओळखली जाते. संक्रांतीच्या सुमारास लहान मुलांचं बोरन्हाण करतात, तेव्हा तर बोरं हवीतच.
- डाळिंब: धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात डाळिंबाच्या बागा आहेत.
- संत्री: ही विदर्भातून येतात. आंबट-गोड रसामुळे सॅलडला वेगळ्या ड्रेसिंगची गरज राहत नाही.
- आवळा: तुरट असल्यामुळे फोडी न घालता किसून, अगदी थोडा घालायचा.

साहित्य (चार जणांसाठी)

- पिकलेली केळी: २
- मोठा पेरू: १
- पपईच्या फोडी: २ वाट्या
- संत्री: २
- डाळिंबाचे दाणे: अर्धी वाटी
- पिकलेली बोरं: ८ ते १०
- किसलेला आवळा: १ चमचा
- लिंबू: १
- सैंधव मीठ किंवा चाट मसाला: चिमूटभर
- भाजलेले तीळ किंवा शेंगदाण्याचं भरड कूट: १ मोठा चमचा
- हवा असल्यास मध किंवा गुळाचा पाक: १ चमचा

कृती

१. सगळी फळं कापायच्या आधी वाहत्या पाण्याखाली धुवा. केळी आणि पपईसुद्धा धुवायची, कारण सालीवरची घाण सुरीबरोबर गरात जाते.

२. बोरांमधल्या बिया काढून तुकडे करा. पेरूच्या बिया कडक असतील तर मधला भाग काढून टाका आणि उरलेल्या भागाच्या छोट्या फोडी करा.

३. पपई सोलून, बिया काढून फोडी करा. फार पिकलेली पपई नको. ढवळताना तिचा लगदा होतो.

४. एका संत्र्याच्या फोडी सोलून बिया काढा. दुसऱ्याचा रस काढून त्यात अर्ध्या लिंबाचा रस आणि आवळ्याचा कीस मिसळा.

५. मोठ्या भांड्यात पेरू, बोरं, पपई आणि संत्र्याच्या फोडी घेऊन हा रस ओता. हलक्या हाताने खाली-वर करा.

६. केळी आता सोला. अर्धा इंच जाडीच्या चकत्या करून उरलेल्या लिंबाचा रस लावा आणि भांड्यात घाला.

७. वाढताना डाळिंबाचे दाणे, मीठ किंवा चाट मसाला आणि तीळ किंवा कूट वरून घाला. गोड हवं असेल तरच मध किंवा गूळ.

हाच क्रम का?

केळं किंवा सफरचंद कापलं की त्यातल्या पेशी फुटतात. पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संबंध येतो आणि फोडी तपकिरी होतात. लिंबाच्या आंबटपणामुळे हे एन्झाइम मंदावतं आणि त्यातलं क जीवनसत्त्वही रंग बदलू देत नाही. म्हणून केळं शेवटी कापायचं आणि लिंबू लगेच लावायचं.

मीठ आणि साखर फळांमधलं पाणी ओढून घेतात. ती आधी घातली तर तासाभरात भांड्याच्या तळाशी रस साचतो आणि फोडी लिबलिबीत होतात.

हे सॅलड दुधात किंवा कस्टर्डमध्ये केलं तर?

लग्नाच्या पंगतीतलं फ्रूट सॅलड बहुतेक वेळा कस्टर्डचंच असतं. पण वरची सगळी फळं त्यात चालत नाहीत. संत्री, आवळा आणि लिंबू यांच्या आंबटपणामुळे दूध फाटू शकतं. पपईतलं पपेन हे एन्झाइम दुधातल्या प्रथिनांचं विघटन करतं, त्यामुळे थोड्या वेळाने मिश्रण कडवट लागतं. कस्टर्ड करायचं असेल तर केळी, गोड डाळिंब आणि सफरचंद किंवा चिकू घ्या. घाई असेल तर केळ्याचं शिकरण आहेच.

थंडीत केळी खाल्ल्याने सर्दी होते का?

सर्दी विषाणूंमुळे होते, केळ्यामुळे नाही. मात्र फ्रिजमधून काढलेली गार फळं खाल्ल्यावर काहींना घशात त्रास जाणवतो. त्यामुळे हिवाळ्यात सॅलड बाहेरच्या तापमानाला आणूनच खावं.

कोणी काळजी घ्यावी?

- मधुमेह असेल तर किती आणि कोणती फळं खायची हे डॉक्टरांना विचारून ठरवा. मध आणि गूळ टाळा.
- मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना पोटॅशियम मर्यादित ठेवायला सांगतात. केळी आणि संत्री या दोन्हींत ते असतं.
- लहान मुलांना बोराची बी, कडक पेरूच्या मोठ्या फोडी आणि मूठभर डाळिंबाचे दाणे देऊ नका. घशात अडकू शकतात.
- एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नका.

बाजारातली केळी कशाने पिकवलेली असतात?

कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला भारतात बंदी आहे. रायपनिंग चेंबरमध्ये ठरावीक प्रमाणात इथिलीन वायू वापरायला एफएसएसएआयची परवानगी आहे. फळं नैसर्गिकरीत्या पिकतात तेव्हाही हाच वायू तयार होतो.

सॅलड किती वेळ टिकतं?

कापलेली फळं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत. झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली तरी त्याच दिवशी संपवावीत. डब्यात न्यायचं असेल तर पेरू, पपई, बोरं आणि संत्री कापून न्या. केळं मात्र सालीसकट न्या आणि खायच्या वेळी सोला. साल काळपट असली तरी.