कंपवात आणि लोह : ताटातले नव्हे, गोळीचे वेळापत्रक सांभाळा

बेंगळुरू : शिवाजीनगरच्या रसेल मार्केट परिसरात पालेभाज्या आणि मटण-कलेजी दोन्हींची खरेदी होते. मांसातील लोह शरीरात सहज शोषले जाते, भाज्यांतील त्या मानाने कमी. कंपवात अर्थात पार्किन्सन आजाराच्या रुग्णाने मात्र लोहयुक्त आहार टाळावा काय, हा प्रश्न कायम विचारला जातो.

शंकेला आधार आहे. मेंदूच्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होत गेल्या की हालचाली मंदावतात. रुग्णांच्या याच भागात लोह वाढलेले आढळते आणि अतिरिक्त लोह पेशींना हानी पोहोचवू शकते. तथापि डोपामिन घडवणाऱ्या विकरालाही लोहच लागते. शिवाय, यकृतातील हेप्सिडिन हे संप्रेरक आहारातील लोहाच्या शोषणावर नियंत्रण ठेवते. त्यामुळे ताटातील लोह थेट मेंदूत साठते, असे मानणे चुकीचे ठरते.

लोह काढून टाकण्याचा प्रयोगही झाला. युरोपातील ३७२ नवनिदान रुग्णांवर डेफेरिप्रोन या लोहबंधक औषधाची ३६ आठवडे चाचणी घेण्यात आली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अपेक्षेच्या उलट होता : मेंदूतील लोह घटले, पण लक्षणे बळावली. डोपामिनवर्धक उपचार सुरू करावे लागलेल्यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत २२ टक्के, तर इतरांत २.७ टक्के होते. हे रुग्ण लेव्होडोपा घेत नव्हते, ही बाब येथे ध्यानात घ्यावी लागते.

आहारातील लोहाने रोगाचा धोका वाढतो की घटतो, याबाबत अभ्यासांत एकवाक्यता नाही. भारतात तर उलट चिंता अधिक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. अशा घरात मेथी-पालक वर्ज्य करणे परवडणारे नाही.

खरी अडचण गोळ्यांची आहे. लोहाची गोळी लेव्होडोपासोबत घेतल्यास दोन्ही आतड्यात परस्परांना बांधून घेतात आणि लेव्होडोपाचे शोषण घटते. दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवण्याचा सल्ला दिला जातो. मांसाहारातही अडसर लोहाचा नसून प्रथिनांचा असतो, कारण ती लेव्होडोपाशी स्पर्धा करतात. म्हणून हे औषध साधारणतः जेवणापूर्वी अर्धा तास घेतात. लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ वाढू शकते आणि या रुग्णांना तो त्रास आधीच असतो. त्यामुळे रक्ततपासणीशिवाय त्या सुरू करू नयेत, तसेच डॉक्टरांनी दिलेल्या परस्पर बंदही करू नयेत.