संरक्षक रंगलेपन प्रकल्पांचे नियोजन व व्यवस्थापन

संरक्षक रंगलेपन प्रकल्प म्हणजे पूल, साठवण टाक्या, नळवाहिन्या, जहाजे, कारखान्यांचे सांगाडे इत्यादी पोलादी रचनांचे गंजण्यापासून रक्षण करण्यासाठी हाती घेतलेले नियोजनबद्ध रंगकाम. घराला दिलेला रंग मुख्यतः शोभेसाठी असतो. येथे मात्र रंग हा रचनेचाच एक भाग समजला जातो आणि त्याच्या अपेक्षित आयुष्याचा विचार रचनेच्या आराखड्याबरोबरच केला जातो. अशा प्रकल्पात गंजाच्या परिस्थितीचा अभ्यास, लेपप्रणालीची निवड, विनिर्देशपत्र, पृष्ठभागाची तयारी, लेप चढविणे, तपासणी, कामगारांची सुरक्षितता आणि पुढील देखभाल यांचा समावेश होतो.

गंजामुळे होणारे नुकसान प्रचंड आहे. नेस या अमेरिकी संस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार जगातील गंजाचा वार्षिक खर्च सुमारे २.५ लाख कोटी डॉलर, म्हणजे जागतिक सकल उत्पादनाच्या ३.४ टक्के इतका होता.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात लोखंडी पुलांचा मुख्य रक्षक जवसाच्या तेलात कालविलेला शेंदूर होता. मारुतीच्या मूर्तीला परंपरेने माखला जाणारा शेंदूर आणि पुलाच्या तुळयांना दिले जाणारे लाल अस्तर हे मुळात एकच द्रव्य, शिशाचे ऑक्साइड होय. हे अस्तर गंजलेल्या व अर्धवट साफ केलेल्या लोखंडालाही चांगले धरून राहत असे, त्यामुळे तारेचा ब्रश आणि खरवडणी एवढ्यावर काम भागे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिशाची विषबाधा ध्यानात घेऊन शेंदूर मागे पडला आणि जस्तयुक्त अस्तरे, इपॉक्सी व पॉलियुरेथेन लेप पुढे आले. हे नवे लेप अधिक टिकाऊ असले तरी पृष्ठभागाच्या स्वच्छतेबाबत फार काटेकोर आहेत. शेंदराने जी हयगय खपवून घेतली ती इपॉक्सी खपवून घेत नाही. रंगकामाला नियोजनाची शिस्त लागली ती प्रामुख्याने या बदलामुळे.

अमेरिकेत नेस (१९४३) आणि पोलादी रचना रंगकाम परिषद (१९५०) या संस्थांनी पृष्ठभाग तयारीचे दर्जे ठरविले. २०२१ साली या दोन्ही संस्था एकत्र आल्या. युरोपात स्वीडनच्या छायाचित्रांसह असलेल्या मानकावरून आयएसओ ८५०१ हे मानक तयार झाले. लेपप्रणालींसाठी आज सर्वाधिक वापरले जाणारे आयएसओ १२९४४ प्रथम १९९८ साली निघाले व २०१७-१८ मध्ये सुधारले गेले. इमारतींतील लोहधातूंच्या रंगकामासाठी भारतीय मानक १४७७ आहे.

परिस्थितीचे मूल्यमापन व प्रणालीची निवड

नियोजनाची सुरुवात रंगाच्या डब्यापासून नव्हे तर रचना कोठे उभी आहे यापासून होते. आयएसओ १२९४४ मध्ये वातावरणाचे सी १ (अतिसौम्य) ते सी ५ (अतितीव्र) आणि त्यापलीकडे सीएक्स असे वर्ग केले आहेत. पहिल्या वर्षात उघड्या पोलादाची किती जाडी झिजते यावर हे वर्ग आधारलेले आहेत : सी ३ मध्ये २५ ते ५० मायक्रॉन, सी ५ मध्ये ८० ते २०० मायक्रॉन. पाण्यात किंवा जमिनीत बुडालेल्या भागांसाठी वेगळे वर्ग आहेत. टिकाऊपणाच्या श्रेणी चार आहेत : ७ वर्षांपर्यंत, ७ ते १५, १५ ते २५ आणि २५ वर्षांहून अधिक. हा टिकाऊपणा म्हणजे पहिल्या मोठ्या देखभालीपर्यंतचा अंदाजित काळ होय, हमीचा कालावधी नव्हे. मानकात हे स्पष्टपणे सांगितलेले असूनही निविदांमध्ये या दोहोंची गल्लत वारंवार आढळते.

एकाच रचनेचे सर्व भाग एका वर्गात मोडतीलच असे नाही. समुद्राकडची बाजू, पाणी साचणारे कोपरे, पावसाने कधीच न धुतली जाणारी तुळयांची खालची बाजू यांवर क्षार अधिक साठतात. काही वेळा शत्रू अगदी अनपेक्षित असतो. कोलकात्याच्या हावडा पुलाच्या (१९४३) लोंबत्या खांबांच्या तळाशी असलेली पोलादी आवरणे लोकांच्या पानाच्या पिचकाऱ्यांनी झिजून काही वर्षांतच ६ मिलिमीटरवरून ३ मिलिमीटरवर आल्याचे आढळले आणि तेथे फायबरग्लासची वेष्टने बसवावी लागली. कोणत्याही मानकाच्या तक्त्यात हा वर्ग सापडणार नाही. तो जागेवर जाऊन पाहणाऱ्यालाच दिसतो.

खुल्या हवेतील पोलादासाठी जस्तयुक्त अस्तर, मधला इपॉक्सी लेप आणि वरचा पॉलियुरेथेन लेप अशी तीन थरांची प्रणाली रूढ आहे. जस्त स्वतः झिजून पोलाद वाचविते. इपॉक्सी पाणी व क्षार अडविते. पॉलियुरेथेन उन्हाला तोंड देते, कारण उघडी इपॉक्सी उन्हाने खडूसारखी भुकटते. तमिळनाडूतील पांबनच्या नव्या रेल्वे पुलावर (उद्घाटन २०२५) समुद्री हवेचा विचार करून पॉलिसिलोक्सेन लेप वापरला आहे.

विनिर्देशपत्र व अंदाज

विनिर्देशपत्रात पृष्ठभागाचा दर्जा, खडबडीतपणा, प्रत्येक थराचे द्रव्य व सुकलेली जाडी, दोन थरांमधील किमान व कमाल अंतर, स्वीकृतीचे निकष आणि दुरुस्तीची पद्धत यांचा उल्लेख असावा लागतो. ‘चांगल्या प्रतीचे दोन हात’ यासारखे शब्द पुढे वादाचे मूळ ठरतात. मोठ्या कामात रचनेच्या काही ठरावीक भागांवर सर्व पक्षांच्या समक्ष काम करून त्यांची नोंद ठेवतात. या संदर्भक्षेत्रांवरून पुढे लेप बिघडल्यास दोष द्रव्याचा की कामाचा हे ठरविता येते.

रंगाची गरज घनांशावरून काढतात. रंगातील द्रावक उडून जातो आणि केवळ घनांश मागे राहतो. ६० टक्के आकारमानी घनांश असलेल्या १ लिटर रंगातून १२५ मायक्रॉन सुक्या जाडीचा थर ४.८ चौरस मीटरवर बसतो. म्हणून १,००० चौरस मीटरला सैद्धांतिक गरज सुमारे २०८ लिटर. फवारणीत वाऱ्याने, भांड्यात व जादा जाडीत ३५ टक्के वाया जाणार असे धरल्यास प्रत्यक्षात ३२० लिटर मागवावे लागतात. हाच थर ओला असताना २०८ मायक्रॉन मोजला गेला पाहिजे. रंगात १० टक्के थिनर घातल्यास ओली जाडी सुमारे २२९ मायक्रॉन हवी. थिनर वाढवून ओली जाडी तीच ठेवणे हा जाडी चोरण्याचा जुना मार्ग आहे.

एकूण खर्चात रंगाच्या किमतीचा वाटा बहुधा लहान असतो. मोठा भाग परांची, ब्लास्टिंग, आडोसा आणि मजुरी यांत जातो. त्यामुळे स्वस्त रंग घेऊन केलेली बचत पुढच्या रंगकामाच्या परांचीच्या खर्चातच अनेक पटींनी वसूल होते. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. तरी सर्वांत कमी दराच्या निविदेचा मोह सुटत नाही.

पृष्ठभागाची तयारी

लेपांच्या अकाली बिघाडाचे सर्वाधिक खापर पृष्ठभागाच्या अपुऱ्या तयारीवर फुटते. प्रथम तेल-वंगण धुऊन काढतात. हे आधी न केल्यास ब्लास्टिंगने ते वंगण पोलादात अधिकच ठोकले जाते. वेल्डिंगचे शिंतोडे घासून काढतात व धारदार कडा गोलाकार करतात, कारण ओला रंग कडेवरून ओसरतो आणि तेथे थर पातळ राहतो. त्यानंतर दाबाच्या हवेने कठीण कणांचा मारा करून गंज व मिल स्केल काढतात. दीर्घायुषी प्रणालींसाठी सामान्यतः एसए २½ हा दर्जा मागितला जातो. यात पृष्ठभागावर ठिपक्यांच्या वा पट्ट्यांच्या रूपातील फिकट डागांखेरीज काही उरता कामा नये. हाताने वा यंत्राने घासण्याचे दर्जे एसटी २ व एसटी ३ आहेत.

डोळ्यांना स्वच्छ दिसणारे पोलाद स्वच्छ असतेच असे नाही. गंजाच्या खड्ड्यांत अडकलेले मीठ दिसत नाही; पण लेपाखाली राहिल्यास ते पाणी ओढून घेते आणि काही महिन्यांत फोड येतात. म्हणून ब्रेस्ले पट्टी चिकटवून तीत शुद्ध पाणी टोचतात, त्यात विरघळलेल्या क्षारांची विद्युतवाहकता मोजतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २००६ च्या मानकात जहाजांच्या समुद्रजल भरणाऱ्या समतोल टाक्यांसाठी ही मर्यादा सोडियम क्लोराइडच्या हिशेबाने प्रति चौरस मीटर ५० मिलिग्रॅम आहे. मर्यादा ओलांडल्यास गोड्या पाण्याने धुऊन पुन्हा ब्लास्टिंग करावे लागते. हा दुहेरी खर्च वेळापत्रकात आधीच धरलेला नसेल तर जागेवर ‘चालेल’ असे म्हणण्याचा दबाव येतो.

हवामान व वेळापत्रक

ब्लास्टिंग केलेले पोलाद दमट हवेत काही तासांतच पुन्हा तांबूस होऊ लागते. म्हणून एका दिवसात जेवढे रंगविता येईल तेवढेच साफ करावे असा दंडक आहे. सर्वसाधारण नियमाप्रमाणे सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांपेक्षा कमी आणि पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअस अधिक असावे लागते. हवा २८ अंश व आर्द्रता ८० टक्के असता दवबिंदू सुमारे २४ अंश येतो. म्हणजे पोलाद किमान २७ अंशांचे हवे. रात्रभर थंड झालेली जाड तुळई सकाळी याहून थंड असू शकते, मग हवा कितीही उबदार वाटो. मोजायचे ते पोलादाचे तापमान, हवेचे नव्हे.

कोकण किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या काळात उघड्यावरचे असे काम जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे ब्लास्टिंग व अस्तर शक्य तितके कार्यशाळेत उरकून जागेवर केवळ जोड व अंतिम लेप ठेवणे, अथवा सर्व काम ऑक्टोबर ते मे या काळात बसविणे, असे दोनच व्यवहार्य मार्ग उरतात. मात्र ओलावा नेहमीच शत्रू नसतो. जस्त सिलिकेट अस्तर हवेतील बाष्प घेऊनच पक्के होते. फार कोरड्या हवेत ते कच्चे राहते आणि त्यावर घाईने चढविलेला लेप पुढे अस्तरासकट सुटतो.

दोन भागांचे लेप मिसळल्यानंतर ठरावीक वेळेतच वापरावे लागतात आणि उन्हाळ्यात ही वेळ निम्म्यावर येऊ शकते. दोन थरांमधील कमाल अंतर उलटून गेल्यास आधीचा थर घासून खरखरीत करणे भाग पडते. परांची, क्रेन, वेल्डिंग व रंगकाम यांचा क्रम एकत्र न आखल्यास रंगवून झालेल्या भागावर पुन्हा वेल्डिंग होते आणि सारे काम त्या जागी नव्याने करावे लागते.

तपासणी

रंगकामाचा विशेष असा की प्रत्येक थर आधीच्या थराला झाकून टाकतो. अस्तर चढल्यानंतर ब्लास्टिंगचा दर्जा पाहता येत नाही. म्हणून तपासणी योजनेत थांबे ठरवितात आणि निरीक्षकाच्या सहीशिवाय पुढे जाता येत नाही. कडा, वेल्ड व बोल्ट यांवर फवारणीपूर्वी ब्रशने वेगळा लेप देतात. सुकी जाडी चुंबकीय उपकरणाने मोजतात. सरासरी ठरलेल्या जाडीइतकी असावी, कोणतेही वाचन ८० टक्क्यांखाली नसावे आणि ८० ते १०० टक्क्यांमधील वाचने एकूण वाचनांच्या एक-पंचमांशाहून अधिक नसावीत, असा प्रचलित निकष आहे. टाक्यांच्या आतील लेपातील सूक्ष्म छिद्रे विद्युत चाचणीने शोधतात. चिकटण्याची ताकद ओढून पाहण्याच्या चाचणीत लेप मोडत असल्याने ती मोजक्या ठिकाणीच करतात.

नोंदवहीत वेळ, तापमान, आर्द्रता, दवबिंदू, रंगाच्या डब्यांचे गट क्रमांक व वाचने लिहितात. शंभर वाचने एकाच आकड्याभोवती घोटाळत असतील तर ती टेबलावर बसून भरली असावीत अशी शंका अनुभवी निरीक्षकाला येते. हाताने रंगविलेला पृष्ठभाग इतका एकसारखा नसतो.

कामगारांची सुरक्षितता

ब्लास्टिंगसाठी साधी वाळू वापरल्यास तिच्या सूक्ष्म धुळीने सिलिकोसिस होतो. हा फुप्फुसांचा विकार बरा होत नाही. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी ओतीव वस्तूंच्या ब्लास्टिंगसाठी सिलिकायुक्त वाळूला बंदी घातली. तिच्याऐवजी पोलादी कण, गार्नेट वा धातुमळी वापरतात आणि ब्लास्टिंग करणाऱ्यास बाहेरून शुद्ध हवा पुरविणारे शिरस्त्राण देतात. तोंडाला रुमाल बांधून काम करणारा मजूर अनेक ठिकाणी आजही दिसतो.

टाकीसारख्या बंदिस्त जागेत द्रावकाची वाफ गुदमरविते व एका ठिणगीने पेटते. भारताच्या कारखाना अधिनियम, १९४८ मध्ये पुरेशी सुरक्षा साधने नसल्यास अशा जागेत २४ व्होल्टपेक्षा अधिक दाबाचा हातदिवा नेण्यास मनाई होती. सतत वायुवीजन, वायुमापन, प्रवेश परवाना आणि तोंडाशी उभा सोबती यांची तरतूद वेळापत्रकात व अंदाजपत्रकात वेगळी दाखवावी लागते; ‘किरकोळ’ खाती घातलेली सुरक्षितता पहिल्या काटकसरीत जाते.

जुन्या रचनांवरील शिसेयुक्त थर हा वेगळा प्रश्न आहे. भारतात २०१६ च्या नियमांनी घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर ९० भाग प्रति दशलक्ष ही मर्यादा घातली, पण औद्योगिक रंग तीत येत नाहीत. जुना थर काढताना भोवती बंद आडोसा उभारावा लागतो आणि कचरा घातक म्हणून हाताळावा लागतो.

दोन उदाहरणे

स्कॉटलंडच्या फोर्थ रेल्वे पुलाचे (१८९०) रंगकाम एका टोकाला संपेपर्यंत दुसऱ्या टोकाला सुरू करावे लागते अशी ख्याती होती आणि इंग्रजीत कधीही न संपणाऱ्या कामासाठी तो वाक्प्रचारच झाला. २००२ ते २०११ या काळात सुमारे १३ कोटी पौंड खर्चून जुने थर उघड्या पोलादापर्यंत काढण्यात आले आणि सुमारे २,३०,००० चौरस मीटरवर काचकणयुक्त इपॉक्सीची प्रणाली चढविण्यात आली. तिचे अपेक्षित आयुष्य २५ वर्षांहून अधिक आहे. डागडुजीचे अखंड चक्र मोडून एकदाच मोठा खर्च करण्याचा निर्णय हे या प्रकल्पाचे वैशिष्ट्य होय.

पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याला (१८८९) साधारण दर ७ वर्षांनी रंग देण्याची प्रथा आहे आणि एका खेपेस सुमारे ६० टन रंग लागतो. २०१९ मध्ये सुरू झालेले विसावे रंगकाम २०२४ च्या ऑलिंपिकपूर्वी पुरे करावयाचे होते. जुने थर खरवडताना शिशाचे प्रमाण अधिक आढळल्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये ते थांबवावे लागले. जुन्या थरांतील शिसे कोणापासून लपलेले नव्हते. वेळापत्रकाला मात्र ते झेपले नाही.

देखभाल

काम हस्तांतरित झाल्यावर संदर्भक्षेत्रांसह संपूर्ण रचनेची पहिली पाहणी बहुधा हमीचा काळ संपण्यापूर्वी करतात. गंजाचे प्रमाण प्रमाणित छायाचित्रांशी ताडून नोंदविले जाते. गंज पृष्ठभागाच्या थोड्या भागापुरता असताना केलेली स्थानिक दुरुस्ती आणि वरचा एक लेप एवढ्यावर मूळ प्रणालीचे आयुष्य वाढते; गंज लेपाखालून पसरल्यानंतर संपूर्ण ब्लास्टिंगखेरीज उपाय राहत नाही. यासाठी मूळ विनिर्देशपत्र, रंगाचे गट क्रमांक व तपासणीच्या नोंदी रचनेच्या आयुष्यभर जतन करणे आवश्यक असते, कारण नवा लेप जुन्याशी जुळेल की नाही हे त्यांवरूनच ठरते. त्या नोंदी हाती नसतील तर आधी छोट्या तुकड्यावर नवा लेप देऊन तो सुरकुततो वा सुटतो का हे पाहतात.