दोन डॉक्टर, एक आकडा

बीएमआय म्हणजे एका ओळीचा कोड. किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझ्या नावापुढे 'नॉर्मल' छापून येतं, ते याच ओळीच्या जोरावर. ती मुळात लिहिली कुणी हे शोधत गेलो, तर सापडला एक खगोलशास्त्रज्ञ.

बेल्जियमच्या आदोल्फ केतलेला लठ्ठपणाशी काही देणंघेणं नव्हतं. तो 'सरासरी माणूस' शोधत होता. प्रौढांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, एवढंच त्याने १८३०च्या दशकात नोंदवलं. १९७२मध्ये अमेरिकेच्या अँसल कीजने पाच देशांतल्या सात हजारांवर पुरुषांच्या (हो, फक्त पुरुषांच्या) मापांवर ते तपासलं आणि 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं. वजनकाटा आणि उंचीची पट्टी असली की झालं. असं स्वस्त माप जगभर पसरणारच.

गंमत म्हणजे १९४७मध्येच मार्सेच्या झां वाग या डॉक्टरने सांगितलं होतं, की चरबी किती आहे याइतकंच ती कुठे आहे हेही बघा. पोटात, आतड्यांभोवती साठलेली चरबी यकृताला त्रास देते, इन्सुलिनला दाद देत नाही आणि शेवटी रक्तवाहिन्यांवर येते. मांडीवरची चरबी त्या मानाने गरीब.

आपल्याला हे चित्रासकट दाखवलं पुण्याने. २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन संशोधकांनी स्वतःचाच फोटो छापला: केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयातल्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत ते गाठणं, असं त्या लेखातच मिश्कीलपणे म्हटलंय. (आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांचं हेच.) पण सगळा दोष लिफ्टचा नाही. याज्ञिकांचं जन्मावेळचं वजन कमी होतं, याकडेही लेख बोट दाखवतो. पुण्याच्या गावांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या बाळांहून बरीच हलकी, तरी चरबी जपून ठेवलेली, असं त्यांच्या गटाला आढळलं होतं.

पुढच्याच वर्षी ५२ देशांतल्या सुमारे २७ हजार लोकांच्या 'इंटरहार्ट' अभ्यासात कंबर आणि नितंबांच्या घेराचं गुणोत्तर हार्ट अटॅकशी बीएमआयपेक्षा कितीतरी घट्ट जोडलेलं निघालं. भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा ठरली पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०.

मोजायचं ते शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, शिंप्याच्या टेपने. जीन्सचा नंबर धरायचा नाही. ती आपण पोटाच्या खालीच बांधतो.