एकसष्टचे ज्येष्ठ मूळ

एखाद्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्गच यावा, अशी लहानात लहान धन पूर्ण संख्या कोणती? प्रश्न साधा दिसतो. ६१ च्या जागी ६० घेतल्यास उत्तर ४ येते आणि मिळणारा वर्ग ३१ चा असतो. ६२ घेतल्यास ८ आणि ६३ या संख्या मिळतात. या दोन सुलभ शेजाऱ्यांमधील ६१ चे उत्तर मात्र २२,६१,५३,९८० असून येणाऱ्या वर्गाचे मूळ १,७६,६३,१९,०४९ आहे. एकेक संख्या पडताळत जाणाऱ्याच्या हाती आयुष्यभरात काही लागणार नाही.

भास्कराचार्यांच्या, ११५० च्या सुमारास रचलेल्या, ‘बीजगणित’ या ग्रंथात हे उदाहरण आहे. अशा प्रश्नांना ‘वर्गप्रकृती’ म्हणत. त्यातील लहान संख्या कनिष्ठ मूळ, मोठी ज्येष्ठ मूळ आणि मिळवायची संख्या क्षेप. दोन उत्तरांच्या संयोगातून तिसरे घडवणारी ‘भावना’ ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच सांगितली होती. तिच्याच आधारे ‘चक्रवाल’ ही पद्धती उभी राहिली. १ आणि ८ या मुळांपासून आरंभ केल्यास क्षेप ३ येतो; ७ हा गुणक निवडताच ५ आणि ३९ ही मुळे व ऋण ४ हा क्षेप मिळतो. तेथून भावनेने ३८०५ आणि २९७१८ ही मुळे येतात, क्षेप ऋण १ उरतो. या जोडीची स्वतःशीच भावना केली की इष्ट उत्तर हाती येते. कोट्यवधी पडताळण्यांचे काम मोजक्या पायऱ्यांत संपते.

या पद्धतीचे सारे श्रेय भास्कराचार्यांना देणे मात्र न्याय्य नाही. उदयदिवाकराच्या १०७३ मधील ‘सुंदरी’ टीकेत जयदेव नावाच्या आचार्याची चक्रवाल पद्धती उद्धृत आहे, हे कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले.

१६५७ मध्ये फ्रान्समधील फर्मा याने ६१ चाच प्रश्न फ्रेनिकल याला आव्हान म्हणून पाठवला. वर्ग नसलेल्या प्रत्येक धन पूर्णांकासाठी असे उत्तर असतेच, याची सिद्धता अठराव्या शतकात लाग्रांजने दिली. १८१३ मध्ये त्याचे निधन झाले. ‘बीजगणिता’चा कोलब्रुककृत इंग्रजी अनुवाद १८१७ चा.

‘आमच्याकडे हे पाच शतके आधीच होते’ एवढ्यावर समाधान मानले, तर एक प्रश्न नजरेआड होतो. हे चक्र नेहमीच पूर्ण होते काय? भास्कराचार्यांनी त्याची सिद्धता दिली नाही. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटणे येथे मठ स्थापल्याचे १२०७ चा शिलालेख सांगतो. पद्धती शिकवली जात राहिली, म्हणूनच ती टिकली. तिच्या अचूकतेचे कारण मात्र अनुक्त राहिले. ती उणीव १९२९ मध्ये म्हैसूरचे अ. अ. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी भरून काढली आणि चक्रवाल ही लाग्रांजच्या पद्धतीहून वेगळी, स्वतंत्र प्रक्रिया असल्याचेही स्पष्ट केले. साहित्याच्या अभ्यासकांना त्यांची ओळख कवी व अनुवादक ए. के. रामानुजन यांचे वडील म्हणून पटेल. भास्कराचार्यांच्या उत्तरामागील ‘का’ सांगितला जाण्यास अशा रीतीने जवळजवळ आठ शतके लागली.