बुलढाण्यावरून जाणारी सरळ रेषा

शाळेतल्या नकाशावर मुंबई आणि नागपूर या दोन ठिपक्यांना फूटपट्टी लावून पाहा. रेषा बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागातून, देऊळगाव राजा आणि चिखली यांच्यामधून जाते. प्रत्यक्षात ती सुमारे ६८५ किलोमीटर भरते. रेल्वेने मात्र हेच अंतर ८३७ किलोमीटर आहे. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली ती भुसावळ, मलकापूर, शेगाव अशी, तापी-पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून. अजिंठ्याच्या रांगेचा चढ टाळायचा आणि वऱ्हाडचा कापूसही उचलायचा, तर वळसा पत्करणे भाग होते. घाटावरचे बुलढाणा गाव त्यामुळे बाजूला पडले. आजही तिथल्या माणसाला गाडीसाठी मलकापूर गाठावे लागते.

विमानाला घाट आडवा येत नाही. १९४९ साली रात्रीची टपाल-विमानसेवा सुरू झाली, तेव्हा या रेषेला अर्थ आला. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. नागपूरच का? तिथून मुंबई ६८५, दिल्ली ८५०, मद्रास ९०० आणि कलकत्ता सुमारे ९८० किलोमीटर. डाकोटाचा वेग ताशी २७५ किलोमीटर धरला, तर मुंबईचे विमान अडीच तासांत पोचेल, कलकत्त्याचे साडेतीन तासांहून थोडे अधिक घेईल. सगळी एकाच वेळी पोचायची, तर कोणी किती वाजता निघावे? आठवीच्या वर्गाला हे गणित जरूर घालावे. पाठ्यपुस्तकातल्या समोरासमोर येणाऱ्या दोन आगगाड्यांपेक्षा ते खरे आहे.

दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांचा या योजनेसाठी आग्रह होता. जे. आर. डी. टाटांचा मात्र विरोध होता. अंधारात वाट दाखवणारी साधने पुरेशी नसताना रात्री विमाने उडवणे धोक्याचे, असे त्यांचे म्हणणे. डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरहून उडताच एक टपालविमान कोसळून १३ जण दगावले. तरी सेवा पुढे बरीच वर्षे चालली. कलकत्त्याचे पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत, ही सवय लोकांना तिनेच लावली.

आजचे जेट विमान ताशी ८०० किलोमीटर जाते. त्या हिशेबाने मुंबई-नागपूर प्रवास सुमारे ५१ मिनिटांत व्हायला हवा. वेळापत्रक सुमारे दीड तास दाखवते. वेग जवळजवळ तिप्पट झाला, वेळ तिसऱ्या हिश्शावर आला नाही. धावपट्टीपर्यंतची रांग, वर चढणे, खाली उतरणे यांतला वेळ वेगाने फारसा कमी होत नाही, आणि अंतर जितके लहान तितका त्याचा वाटा मोठा. लंडन-पॅरिस हे अंतर याच्या निम्मे, सुमारे ३४० किलोमीटर. १९१९ साली तिथे नियमित विमानसेवा सुरू झाली, तेव्हा लाकडी सांगाड्याच्या विमानाला अडीच तासांच्या आसपास लागत. आज वेळापत्रकात सव्वा तास असतो.

रस्त्याने हा वळसा आता कुठे मोडला आहे. जून २०२५ मध्ये पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, आणि तो बुलढाणा जिल्ह्यातून जातो तो सिंदखेड राजा, मेहकर या बाजूने, म्हणजे आपल्या फूटपट्टीच्या रेषेला जवळपास चिकटूनच.