अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉल : प्रेक्षकवर्गाचे प्रादेशिक स्वरूप

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विद्यापीठीय संघांच्या सामन्यांना लाभणाऱ्या प्रेक्षकसंख्येत प्रदेशानुसार मोठा फरक आढळतो. या खेळाचा उगम ईशान्येचा. पहिला सामना १८६९ मध्ये न्यू जर्सीत रटगर्झ व प्रिन्स्टन यांच्यात झाला. न्यू हेवन येथील येल बोल (१९१४) हे सत्तर हजारांहून अधिक आसनांचे मैदान त्या काळच्या लोकप्रियतेची साक्ष देते. पुढे मात्र येल व प्रिन्स्टन ज्यात आहेत त्या आयव्ही लीगच्या विद्यापीठांनी खेळाडूंना क्रीडा शिष्यवृत्त्या न देण्याचे धोरण स्वीकारले, तर ईशान्येच्या महानगरांत व्यावसायिक संघांचे आकर्षण वाढले.

आज गर्दीची केंद्रे दक्षिण व मध्य-पश्चिम भागांत आहेत. एक लाखाहून अधिक आसनांची सर्व महाविद्यालयीन मैदाने बिग टेन व साउथईस्टर्न या दोन परिषदांच्या संघांकडे असून, ॲन आर्बरमधील मिशिगन स्टेडियमची (१९२७) क्षमता १,०७,६०१ आहे. ॲलाबामा व नेब्रास्का राज्यांत एनएफएल या व्यावसायिक लीगचा संघ नाही. त्यामुळे राज्याचा अभिमान विद्यापीठाच्या संघाभोवती एकवटतो. लिंकन येथील नेब्रास्काच्या घरच्या सामन्यांची तिकिटे १९६२ पासून सलग संपत आली आहेत. २०१६ मध्ये ब्रिस्टल येथे टेनेसी-व्हर्जिनिया टेक सामन्याला १,५६,९९० प्रेक्षक होते.

पश्चिम किनाऱ्यावर इतर करमणुकींची स्पर्धा मोठी आहे. जाहीर उपस्थिती अनेकदा विकलेल्या तिकिटांवरून मोजली जाते. म्हणून प्रदेशांची तुलना करताना मैदानाची क्षमता व प्रत्यक्ष हजेरी हीदेखील विचारात घ्यावी लागतात.